सोमवारचा बाजार आणि उपाशी पाहुणा

फ्रान्समधल्या लहान गावांत सोमवारी काही मिळत नाही, असे तिथे राहणारी आपली माणसे सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. रविवारची सकाळ गिऱ्हाइके सांभाळण्यात गेलेला पाववाला, त्याच्या शेजारचा खाटीक आणि समोरचा न्हावी सोमवारी दाराला कुलूप लावून विश्रांती घेतात. बँकेची पायरीही त्या दिवशी पुष्कळदा ओसच असते. सोमवारचा उपास करणाऱ्या माणसाला याहून सोयीचा देश शोधून सापडणार नाही. मात्र बर्गंडीच्या पूर्व कडेला, ब्रेस नावाच्या सखल मुलखात, लुआँ हे गाव असे आहे की तिथला आठवडी बाजारच सोमवारी भरतो. आणि एवढा मोठा फ्रान्स मोकळा असताना माझी मुलगी नेमकी त्याच गावात दिली आहे. ‘दिली’ हे सवयीने लिहिले. ती स्वतःच गेली आणि आम्हांला नंतर बोलावले.

माझा सोमवार वडिलोपार्जित आहे. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा शेत धाकट्या भावाकडे गेले आणि सोमवार माझ्याकडे आला. मी मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे उरलेल्या वारांचा तपशील देण्याची गरज नाही. पण सोमवारी अंडेसुद्धा दृष्टीस पडू नये हा दंडक आमच्या सौभाग्यवती इतक्या कसोशीने पाळून घेतात की, तो मोडण्याचा विचार माझ्या मनात आला तर त्यांना तो शेजारच्या खोलीत कळतो. लुआँला त्या माझ्याबरोबर येतात, परंतु गुडघ्यांचे कारण सांगून बाजाराला येत नाहीत. त्यामुळे पिशवी धरण्याचे काम माझ्याकडे, पिशवीत काय पडेल हे ठरवण्याचे काम विहीणबाईंकडे आणि त्यातले मला काय चालेल याचा निवाडा घरी बसून सौभाग्यवतींकडे, अशी कामांची विभागणी झालेली आहे. मुलगी दुभाषी म्हणून बरोबर असते, पण तिला बाजारात भेटणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत.

गाव मोठे नाही. वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास. सेय आणि सोल्नाँ या दोन नद्या इथे एकमेकींना मिळतात. चर्चच्या छपरावर रंगीत, झिलईदार कौलांची नक्षी आहे. जुन्या धर्मार्थ रुग्णालयात सतराव्या-अठराव्या शतकांतला औषधांचा कोठा बरण्यांसकट जपून ठेवला आहे. आजूबाजूला तळी, कुंपणाची झाडे आणि लाकडी सांगाड्याची, विटा-मातीची बसकी घरे असून त्यांच्या वळचणीला मक्याची कणसे टांगलेली दिसतात. मका हे या मुलखाचे जुने अन्न. भाजलेल्या मक्याच्या पिठाची पेज खाऊन खाऊन इथल्या लोकांना बाहेरच्यांनी ‘पिवळ्या पोटाचे’ हे नाव ठेवले आणि इथल्यांनी ते अभिमानाने लावून घेतले. गावाची खरी शोभा म्हणजे मुख्य रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या तळमजल्यांपुढे कमानींची ओळ आहे आणि या कमानी एकूण १५७ आहेत, हे गावातले लहान मूलही सांगते. ऊन असो वा पाऊस, माणसाने या टोकाकडून त्या टोकाकडे कोरडे जावे, हा बांधणाऱ्यांचा हेतू असावा. विहीणबाई त्यांचा उपयोग थांबण्यासाठी करतात.

थांबणे म्हणजे भेटणे, आणि भेटणे म्हणजे गालाला गाल लावून हवेत चुंबनाचा आवाज काढणे. हा आवाज किती वेळा काढायचा यावर फ्रान्समध्ये एकमत नाही. कुठे दोनदा, कुठे तीनदा, तर काही भागांत चारदा, आणि सुरुवात उजव्या गालापासून की डाव्या, हाही ज्या त्या प्रांताचा प्रश्न. आमच्याकडे व्याही आणि विहीण यांच्यात किमान एक खोलीचे अंतर असते आणि बोलणे मुलीच्या किंवा जावयाच्या नावाने, त्रयस्थाला उद्देशून केले जाते. इथे विहीणबाई स्वतः सकाळी माझ्या दोन्ही गालांचा समाचार घेतात, आणि तो धक्का ओसरायच्या आत कमानींखाली भेटणाऱ्या त्यांच्या मावसबहिणी, जुन्या शिक्षिका आणि चर्चमधल्या गायनवृंदातल्या सोबतिणी रांगेने पुढे येतात. मी नमस्कारासाठी हात जोडून पाहिले आहेत. त्याचा परिणाम एवढाच होतो की, समोरची बाई आधी कौतुकाने हात जोडते आणि मग गाल पुढे करते.

बाजारात शिरल्यावर पहिली अडचण हातांची होते. मंडईत वाढलेल्या माणसाचे हात भाजीपाशी गप्प राहत नाहीत. भेंडीचे टोक मोडून पाहणे, वांगे दाबणे, टोमॅटोच्या ढिगातला खालचा टोमॅटो वर आणणे आणि एवढे करून “महाग लावलंस” म्हणत दोन पावले पुढे जाणे, ही आमची वाचा आहे. इथे भाजीला हात लावायचा नसतो. ती विकणाऱ्याने निवडायची, आणि आपण पाठीमागे हात बांधून त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर विश्वास ठेवायचा. भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि त्यावर चर्चा करणे असभ्य समजले जाते. त्याहून असभ्य म्हणजे ‘बोंझूर’ म्हटल्याखेरीज काही मागणे. तसे केले तर विक्रेता आपल्याला दिसेनासा होतो, म्हणजे आपण त्याला दिसेनासे होतो. भाजी मात्र, हे कबूल केले पाहिजे, उत्तम असते, आणि निघताना भाजीवाली पार्स्लीची जुडी फुकट टाकते, तेव्हा कोथिंबिरीच्या आठवणीने माझा ऊर भरून येतो.

मे महिन्यात पांढऱ्या शतावरीचे कोंब बाजारात येतात आणि विहीणबाई ते माझ्या उपासासाठी म्हणून आवर्जून घेतात. आपल्याकडच्या आयुर्वेदातली शतावरी ही याच वंशातली, तेव्हा धर्माला हरकत नसावी, असा युक्तिवाद मी घरी मांडला होता. सौभाग्यवतींनी निकाल दिला की औषध म्हणून घेतलेली शतावरी चालते, लोण्यात परतलेली चालत नाही. स्ट्रॉबेरी चालते, बटाटा चालतो, साय चालते. पाव चालत नाही, मक्याची पेज चालत नाही. गावची खासियत असलेली कॉर्निओत नावाची तीन कोपऱ्यांची गोड पेस्ट्री तर पीठ आणि अंडे या दोन कलमांखाली एकदम बाद झाली.

चीजचा आधार काही काळ वाटत होता. जवळच्या जुरा डोंगरांतून कोंते चीजची भलीमोठी चाके इथे येतात. चीजवाली आधी विचारते की चीज आज दुपारी खायचे आहे की उद्या, आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे तुकडा निवडते. मग सुरीच्या टोकावर एक पातळ काप धरून ती गिऱ्हाइकापुढे करते. दूधच ते, अशा समजुतीने मी हात पुढे करणार एवढ्यात मुलीने खालच्या आवाजात माहिती दिली की, कोंते तयार करताना दूध विरजायला वासराच्या जठरातला पाचक रस वापरतात, आणि हे तिने आदल्याच रात्री आईला सांगून ठेवले आहे. मुलींना शिकवावे, पण किती, याचा विचार पालकांनी करायला हवा.

पुढे केलेला काप न घेणे हा इथे साधा प्रकार नाही. त्याचे कारण द्यावे लागते, आणि ते देण्याचे काम विहीणबाईंनी आनंदाने स्वतःकडे घेतले आहे. सुरुवातीला त्या एवढेच सांगत की, पाहुणे सोमवारी काही पदार्थ खात नाहीत. पुढे त्यात शंकर आला, मग कैलास आला. आता सॉसेजवाल्यापर्यंत पोचताना कथेत गंगा, साप आणि तिसरा डोळाही असतो, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक पिशव्या खाली ठेवून ऐकतात. रांग लांबली म्हणून इथे कोणी कुरकुरत नाही. ज्याची पाळी, त्याचा वेळ, असा नियम आहे, आणि आपली पाळी आली की आपणही तितकाच वेळ घेणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. सॉसेजवाल्याने सहानुभूतीने विचारले की, आपल्या देवाला मंगळवार चालला नसता का. एका वृद्ध बाईने मात्र माझा दंड थोपटला आणि सांगितले की, तिच्या लहानपणी शुक्रवारी घरात मांस शिजत नसे, मासे असत. आणि मासेही न खाता सोमवार काढणारा माणूस तिच्या मते कार्डिनल व्हायच्या लायकीचा होता.

यानंतर येते ते मैदान, जिथे कोंबड्या असतात.

ब्रेसची कोंबडी हे प्रकरण कोंबडी या सदरात बसत नाही. १ ऑगस्ट १९५७ च्या कायद्याने तिचे नाव आणि तिचा मुलूख यांना संरक्षण मिळाले. तोवर असा मान वाइनला आणि चीजला मिळत असे. पिसे पांढरी, तुरा लाल आणि पाय निळे, म्हणजे जन्मतःच फ्रान्सचा झेंडा अंगावर घेऊन ती वावरते. तिच्या खरेदीचा सोहळा पाहताना मला दर वेळी आमच्या आळीतल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांची आठवण होते. विहीणबाई वरपक्षाच्या बाजूने बसतात, पाळणारा मुलीच्या बापाच्या जागी अदबीने उभा असतो आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात. राहायला कुठे? अमुक खेड्यात, ओढ्याच्या पलीकडे. जागा किती? प्रत्येकीला गवताची किमान १० चौरस मीटर, कमी देता येतच नाही. खाणे काय? मका, गहू आणि दूध. शिवाय गवतात फिरताना सापडतील ते किडे आणि गोगलगायी. वय? चार महिन्यांच्या आत तर कोणी दाखवायलाही आणत नाही. मग रंग पाहिला जातो, कातडी नितळ आहे की नाही हे पाहिले जाते, पाय खरोखर निळे आहेत ना, हे उजेडात नेऊन पाहिले जाते. लग्न ठरल्यावर मुलीला उन्हात जाऊ देत नाहीत, तसे या कोंबडीला शेवटचे काही दिवस अंधाऱ्या, शांत खोलीत लाकडी पिंजऱ्यात ठेवून मका आणि दूध यांवर पोसतात, केळवणच ते. सरतेशेवटी पत्रिका. तिच्या डाव्या पायात एक कडे असते आणि त्यावर पाळणाऱ्याचे नाव-पत्ता लिहिलेला असतो. विहीणबाई चष्मा लावून तो वाचतात, त्या पाळणाऱ्याच्या आजोबांना आपले वडील ओळखत होते हे आठवतात, आणि मगच बोलणी पुढे सरकतात. हुंड्याचा भाग मात्र उलटा आहे: पैसे वरपक्षाला मोजावे लागतात, आणि ते किती याचा उच्चार आमच्याकडची कोंबडी ऐकत असताना करू नये.

नाताळाच्या सुमारास हे आणखी वाढते, असे व्याही सांगतात. डिसेंबरात या भागातल्या चार गावांत, त्यांत लुआँही आले, कोंबड्यांच्या स्पर्धा होतात, आणि त्या १८६२ पासूनच्या आहेत. स्पर्धेतल्या खस्सी कोंबड्यांना पिसे काढल्यावर पांढऱ्या कापडात घट्ट शिवून काढतात, म्हणजे चरबी सारखी पसरते आणि अंगाला गोंडस आकार येतो. परीक्षक गंभीर चेहऱ्याने त्यांच्यापुढून फिरतात. मला हे पाहण्याचे भाग्य मिळालेले नाही, कारण डिसेंबरात आम्ही कोल्हापुरात असतो आणि तिथे कोंबडीला रश्श्यात टाकताना तिचे आडनाव कोणी विचारत नाही.

तर अशी खरेदी झालेली, पिसे काढलेली, पण मानेभोवती पांढऱ्या पिसांची झालर तशीच राखलेली कोंबडी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत येते. ज्या माणसाने आठवडाभर हिच्यावर मनसोक्त प्रेम केले असते, त्याने एकाच दिवशी तिला नुसते वाहून न्यायचे, यात काही तरी पूर्वकर्माचा भाग असला पाहिजे.

वाहून न्यायचे तेही सरळ घरी नव्हे. व्याही सकाळपासून बाजारातल्या एका खाणावळीत मित्रांसमवेत बसलेले असतात. वासराचे डोके उकडून, आंबट सॉस घालून, सकाळीच खाणे ही इथल्या सोमवारची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पूर्वी पहाटे गुरे-कोंबड्या घेऊन निघालेले शेतकरी व्यवहार उरकले की पोटभर खायला बसत. आता व्यवहार नसलेलेही बसतात. व्याही अत्यंत सज्जन आहेत. मी पोचलो की ते उठून उभे राहतात, आपल्या शेजारची खुर्ची ओढतात आणि माझ्यासाठी कोरी कॉफी मागवतात. ती खुर्ची रांसी या जवळच्या गावची, गवताच्या विणीची आहे आणि तिथले खुर्ची-कारागीर नामांकित आहेत, ही माहिती त्यांनी मला मोठ्या आस्थेने दिलेली आहे. ती ऐकताना मी खुर्चीकडेच पाहत राहतो, कारण टेबलावर पाहण्याजोगे काही नसते. ऐन सोमवारी, शंकराच्या वारी, नंदीचे जातभाई ताटात असताना कॉफी पीत बसणे, याला कोणत्या प्रायश्चित्ताची तरतूद आहे, हे सौभाग्यवतींना विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही. घरी मी ‘व्याह्यांना भेटलो’ एवढेच सांगतो.

बारा वाजता सगळे एकदम संपते. विक्रेते पाट्या उलट्या करतात, गाड्यांचे मागचे दरवाजे आपटतात, आणि ज्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नव्हती, तिथे थोड्याच वेळात पाण्याने रस्ता धुणारी गाडी फिरू लागते. बारा ते दोन या वेळात या गावात मरायलाही कोणी तयार होणार नाही. सगळे जेवत असतात. विहीणबाईंच्या घरीही ठीक बाराला पाने मांडली जातात आणि माझ्यापुढे बटाटे, साय व स्ट्रॉबेरी येतात. साय ब्रेसचीच, तिला आणि इथल्या लोण्याला २०१२ साली मानाचा शिक्का मिळाला, म्हणजे आमच्या उपासाचे पदार्थही आता प्रमाणपत्र घेऊन येतात. साबुदाणाही इथल्या दुकानांत मिळतो, पण तो हे लोक दुधात शिजवून गोड करून खातात, आणि त्याची खिचडी होते हे ऐकून विहीणबाईंनी जे डोळे केले, ते मी कोंते विरजण्याची रीत ऐकून केले होते.

इतका कडक उपास पाहून विहीणबाईंना शेवटी माझी दया आली. गेल्या खेपेला त्यांनी जाहीर केले की, सोमवारी आणलेली कोंबडी त्या शीतकपाटात ठेवतील आणि माझ्यासाठी मंगळवारी दुपारी करतील; त्यासाठी त्यांच्या भावालाही सहकुटुंब बोलावले. त्या रात्री मला झोप अशी लागली नाही. कोंबडी कशी होणार, साय आधी पडणार की नंतर, अळंबी असणार की नसणार, याची चौकशी मी मुलीमार्फत एवढ्या वेळा केली की, तिने दुभाष्याचे काम सोडण्याची धमकी दिली.

मंगळवारी सकाळी सौभाग्यवती प्रवासी पेटीतून कालनिर्णय घेऊन बाहेर आल्या. त्या पानावर लाल अक्षरांत अंगारकी होती.

विहीणबाईंना हे समजावण्यात सकाळ गेली. त्यांना शंकर आता चांगला परिचयाचा झाला होता. शंकराच्या मुलालाही, म्हणजे गणपतीलाही, स्वतंत्र वार आहे आणि तो नेमका आज आला आहे, हे त्यांना थोडे अन्यायाचे वाटले. उपास सुटणार केव्हा, असे त्यांनी विचारले. चंद्र दिसल्यावर, असे मुलीने सांगितले. व्याह्यांनी फोनवर पाहून कळवले की, सूर्यच नऊच्या सुमारास मावळणार असून चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवेल, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहता पाहुण्यांचा मंगळवार बुधवारी संपतो. जेवण पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भाऊ बाराला येणार होता आणि या मुलखात बारा हे बाराच असतात. मी बटाटे घेऊन टेबलाच्या टोकाला बसलो. मंडळींनी माझ्या भावनांची कदर करून जेवताना कोंबडीविषयी बोलणे टाळले. पुढल्या सोमवारी आणायच्या कोंबडीविषयी बोलले.

बुधवारी दुपारी मात्र विहीणबाईंनी राखून ठेवलेला वाटा गरम करून माझ्यापुढे आला. तो डावा पाय आहे, कडे होते तोच, हे त्यांनी आवर्जून सांगितले. मांस घट्ट, स्निग्ध आणि चवीचे होते, आणि इतक्या लाडाकोडाचे चीज झाले होते याबद्दल वाद नाही; पण कोल्हापूरच्या जिभेला त्यात काय कमी आहे, हे कळायला एक घास पुरे झाला. मुलीने निमूटपणे कपाटातून कांदा-लसूण मसाल्याची बरणी आणून दिली. विहीणबाईंचा चेहरा पडला. आता काय होते म्हणून सगळे व्याह्यांकडे पाहू लागले, तेव्हा त्यांनी घसा साफ केला, १९५७ च्या त्या कायद्यात कोंबडी शिजल्यानंतर तिचे काय करावे याविषयी एक अक्षरही नाही, असा निर्वाळा दिला, आणि माझा हात पोचायच्या आत बरणी स्वतःकडे ओढली.